भागाबाई साळू आणि फत्तेरावांचं मचाण

एका जंगलात (कुठल्या ते विचारू नका, विचारलंत तर गोष्ट इथेच थांबवीन) एक काळा कातळ होता. त्या जंगलात कोणालाही लबाडी करता येत नसे. म्हणजे मुलांनो, इच्छा सगळ्यांनाच होती. सोय नव्हती एवढंच.

कारण तिथे एक रीत होती. बिळाची, ढोलीची, झाडाची, पाणवठ्यावरच्या जागेची, कसलीही अदलाबदल करायची असली की दोघांनी कातळापुढे यायचं आणि मोठ्यांदा बोलायचं. मग जमलेल्या प्रत्येक जनावराने ते जसंच्या तसं पुन्हा म्हणायचं. गव्याने म्हणायचं, सशाने म्हणायचं, मुंगीनेसुद्धा म्हणायचं. शेवटच्याचं म्हणून झालं की व्यवहार पक्का. मग कोणी केवढाही मोठा असो, "मी असं म्हणालोच नव्हतो" असं त्याला नंतर म्हणता येत नसे. सगळ्या रानाला ते तोंडपाठ झालेलं असायचं.

याला म्हणत कातळाची हाळी. तुमची मोठी भावंडं दिवसभर मोबाइलमध्ये डोकं खुपसून ज्याला ब्लॉकचेन म्हणतात ना, ती साधारण हीच. फक्त इथे वीज लागत नसे.

रीत चोख होती, पण भलतीच हळू होती. कासवाला एक वाक्य म्हणायला सकाळ पुरायची नाही. माकडाचं मध्येच लक्ष उडायचं, की पुन्हा पहिल्यापासून. एका खारीने जांभळं देऊन करवंदं घ्यायला रांग लावली होती. तिचा नंबर आला तेव्हा जांभळांच्या नुसत्या बिया उरल्या होत्या आणि करवंदांचा हंगाम संपला होता. तरी सगळ्यांनी तो व्यवहार शेवटपर्यंत म्हटला. रीत म्हणजे रीत.

या जंगलात भागाबाई नावाची एक साळू राहायची. ओढ्याकाठी तिचं बीळ होतं. दोन पिल्लं होती, आणि पिल्लांचे काटे अजून मऊ होते. बीळ जुनं झालेलं. तोंडाची माती ढासळून ढासळून ते इतकं रुंद झालं होतं, की त्यात तरसाचं डोकं मावायचं. हे भागाबाईला कसं कळलं? तरसाने डोकं घालून बघितलं, म्हणून कळलं. तिने काटे फुलवून त्याला हाकललं खरं, पण जाताना तो असा वळून बघत गेला, की तो पुन्हा येणार हे तिने ओळखलं. आणि आई झाली तरी दारात किती वेळ बसणार? कंदमुळं उकरायला बाहेर जावंच लागतं. भागाबाईचा जीव टांगणीला लागला.

टेकाडावर गिरजाक्का घोरपडीचं बीळ होतं. खडकातलं, तोंडाशी चिंचोळं, आत ऐसपैस. तरसाचं फार तर नाक आत जाईल, बाकीचा तरस बाहेर. आणि गिरजाक्काला म्हातारपणी पाण्याजवळ जागा हवी होती.

"भागे, तू माझं घे, मी तुझं घेते," गिरजाक्का म्हणाली. "तुझ्याकडे तरस येतो. माझ्याकडे कोण येतंय? माझ्या अंगावर खाण्यासारखं राहिलंय काय!"

दोघी खूश होऊन कातळाकडे गेल्या. रांग पार नदीच्या वळणापर्यंत गेली होती. शेवटी एक मोर उभा होता. तो म्हणाला, मी गेल्या अमावास्येला आलो होतो, तेव्हापासून चार पावलं पुढे सरकलोय. तरस एवढा थांबणार नव्हता.

अशा वेळी, मुलांनो, जंगलात एक कोल्हा येतो. रांग लांबली की येतोच. त्याला वास लागतो.

फत्तेराव कोल्हे परजंगलात राहून आले होते. जाताना फत्त्या होते, येताना फत्तेराव झाले होते. त्यांनी कातळाच्या वरच्या अंगाला, दोन सागांच्या मधोमध एक मचाण बांधलं आणि सगळ्यांना बोलावलं.

"बंधूंनो, कातळ आपला देव आहे," ते म्हणाले. "त्याला हात लावायचा नाही. आपण फक्त त्याच्यावर दुसरा थर चढवतो आहोत."

"म्हणजे काय करायचं?" सशाने विचारलं.

"व्यवहार माझ्या कानात सांगायचा. मी 'झालं' म्हटलं की झालं. संध्याकाळी दिवसभराच्या सगळ्या व्यवहारांचं मी एक गाठोडं बांधीन आणि कातळापुढे एकदाच हाळी देईन. वेग मचाणाचा, भरवसा कातळाचा!"

"आणि तुम्ही कानातलं बदललंत तर?"

फत्तेराव इतके दुखावले, की त्यांनी डोळेच मिटून घेतले. "आमचं मचाण आशावादी आहे," ते म्हणाले. "सगळे खरेपणानेच वागतात, असं आम्ही धरून चालतो. तरी एखाद्याच्या मनात पाप आलंच, तर त्याने येत्या पौर्णिमेपर्यंत कातळावर यावं आणि आमची चूक सिद्ध करावी. व्यवहार उलटा फिरवू. आहे का एवढी पारदर्शकता तुमच्या जुन्या रीतीत?"

जुन्या रीतीत नव्हती. जुन्या रीतीत नुसतं सगळ्यांना सगळं ऐकू यायचं. जनावरं खजील झाली.

पहिल्याच संध्याकाळी फत्तेरावांनी हाळी दिली, "आज मचाणावर जे झालं ते झालं!" सगळ्यांनी एका दमात म्हटलं, "मचाणावर जे झालं ते झालं!" कासवसुद्धा दिवस बुडायच्या आत मोकळं झालं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढी प्रगती आपल्या हयातीत बघायला मिळेल, असं त्याला वाटलं नव्हतं, आणि कासवाची हयात केवढी असते तुम्हाला ठाऊक आहे.

हे बघून प्राध्यापक हुमणराव घुबड यांनी पलीकडच्या ऐनाच्या झाडावर दुसरं मचाण काढलं. फत्तेरावांचं मचाण भाबडं आहे, असं त्यांचं म्हणणं. "मी कोणाला चांगला धरून चालत नाही," ते म्हणाले. "मी सिद्ध करतो. व्यवहार कोणाचा, कशाचा, हे मी सांगणार नाही. पण तो बरोबर आहे, याचा पुरावा देईन."

पुरावा म्हणजे एक लांबलचक घुत्कार असायचा. तो फक्त घुबडांना कळायचा, आणि त्या रानात घुबड एकच होतं. ज्याला पुरावा कळणार नाही त्याने मान डोलवायची, असं ठरलं. सगळं जंगल मान डोलवू लागलं.

भागाबाई आधी तिकडेच गेली होती हो. भरदुपारची वेळ. हुमणराव घोरत होते. तिने खालून हाका मारमारून त्यांना उठवलं आणि विचारलं, "तुमचं मचाण दिवसा बंद असतं का?"

"मचाण कधीच बंद पडत नाही," हुमणराव एक डोळा उघडून म्हणाले. "मी झोपलेला असतो, एवढंच." आणि तो डोळाही त्यांनी मिटला.

मग काय करणार? आली फत्तेरावांकडे. शिडी चढली, त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि सांगितलं, "माझं ओढ्याकाठचं बीळ गिरजाक्काला. गिरजाक्काचं बीळ मला." खालून गिरजाक्काने होकार भरला.

फत्तेरावांनी कान टवकारले. टेकाडावरचं? खडकातलं? चिंचोळ्या तोंडाचं? त्यांच्या भाच्याचं, छबुरावाचं, नुकतंच लग्न ठरलं होतं, आणि मुलीकडच्यांनी जागेची चौकशी केली होती.

"झालं!" फत्तेराव म्हणाले.

भागाबाईने त्यांना वाकून नमस्कार केला. हसू नका. तुम्हीही केला असतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरजाक्का ओढ्यावर राहायला गेली आणि भागाबाई पिल्लांना घेऊन टेकाड चढली. बघते तर बिळाच्या तोंडाशी छबुराव पाय पसरून बसलेला.

"कोण पाहिजे?" त्याने विचारलं.

"अरे, हे माझं बीळ आहे."

"तुमचं ते तिकडे, काकू. बाभळीखाली."

बाभळीखाली एक खड्डा होता. आजवर छबुराव त्यातच राहायचा. वर उघडं आभाळ, चारी बाजूंनी उतार. तरसाला डोकं घालून बघायचीसुद्धा तसदी नको. तो सरळ चालत आत येऊ शकला असता.

भागाबाई धापा टाकत मचाणावर गेली. फत्तेरावांनी तिला बसायला सांगितलं. पाणी विचारलं. लबाड जनावर पाणी नेहमी विचारतं.

"क्रम समजून घ्या, भागाबाई," ते म्हणाले. "आधी छबुरावाचा व्यवहार झाला. गिरजाक्काचं बीळ छबुरावाला, छबुरावाचा खड्डा गिरजाक्काला. मग तुमचा व्यवहार आला. तुम्ही काय मागितलंत? गिरजाक्काचं बीळ. त्या घटकेला गिरजाक्काचं म्हणून जे होतं, तो हा खड्डा. तो तुम्हाला मिळाला. तुमचं ओढ्याकाठचं तिला मिळालं. एक शब्द इकडचा तिकडे झालेला नाही."

"पण मी कानात सांगितलं तेव्हा छबुरावाचा पत्ताच नव्हता!"

"कानात आधी कोण आलं आणि गाठोड्यात आधी कोण बांधलं गेलं, या दोन वेगळ्या बाबी आहेत," फत्तेराव समजुतीने म्हणाले. "क्रम गाठोडं बांधणारा लावतो. दुसऱ्या थरात असंच असतं. तुम्हाला तक्रार करायचीय का? जरूर करा! पौर्णिमेपर्यंत मुभा आहे."

भागाबाई तशीच ओढ्यावर गेली. गिरजाक्का पाण्यात शेपूट सोडून सुखात बसली होती.

"आक्का, तू छबुरावाला बीळ दिलंस?"

"मला बाई काय ठाऊक?" गिरजाक्का म्हणाली. "मला ओढा हवा होता, ओढा मिळाला. मधलं काय ते मचाणवाले बघतात. तू पण ना भागे, फार खोलात शिरतेस."

मग भागाबाई कातळावर गेली. तिथे नेहमीची मंडळी बसली होती. तिने विचारलं, "काल हाळीला तुम्ही सगळे होतात ना? मग सांगा, आधी माझा व्यवहार झाला की छबुरावाचा?"

जनावरांनी सशाला पुढे केलं.

"आम्ही 'जे झालं ते झालं' म्हटलं," ससा म्हणाला.

"पण झालं काय?"

"ते आम्हाला कसं कळणार? ते मचाणावर झालं."

"अरे, मग तुम्ही साक्ष कशाची दिलीत?"

ससा विचारात पडला. प्रामाणिक होता बिचारा. "झाल्याची," तो म्हणाला.

आता बघा हं, कशी मेख होती ती. चूक सिद्ध करायची तर क्रम माहीत हवा. क्रम फत्तेरावांच्या डोक्यात. आणि ते डोकं मचाणावर. पौर्णिमा काय, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मुभा दिली असती तरी फत्तेरावांचं काही बिघडलं नसतं.

ती रात्र भागाबाईने खड्ड्यात पिल्लांभोवती फिरत काढली. तरस आला, काठावर बसला, बराच वेळ बघत राहिला आणि गेला. तो एकटा होता म्हणून गेला. उद्या जोडीदाराला घेऊन येईल, हे सांगायला कोणाची गरज नव्हती.

सकाळी भागाबाईने एवढा आरडाओरडा केला, की जंगलातल्या विद्वानांपर्यंत तो पोहोचला. विद्वानांना फार आनंद झाला. तक्रार आली म्हणजे परिसंवाद घेता येतो. त्याच दुपारी कातळापुढे सभा भरली. विषय होता, 'दोन्ही मचाणांचा वेग व विकेंद्रीकरण: एक तुलना'. अध्यक्षस्थानी गवेराव होते, कारण ते बसले की दुसऱ्या कोणाला जागाच उरत नसे. भागाबाईचं गाऱ्हाणं 'आयत्या वेळचे विषय' यात घातलं होतं.

विकेंद्रीकरण हा शब्द जंगलात कोणालाही एका दमात म्हणता येत नसे. त्यामुळे त्याच्याबद्दल सगळ्यांना अतोनात आदर होता. त्याचा अर्थ एवढाच, की सगळी सत्ता एकाच्याच पंज्यात असू नये. पण अर्थ कोणी सांगत नसे. अर्थ सांगितला की शब्दाची शान जाते.

आधी वेग मोजला. फत्तेरावांनी दोन खारी उभ्या केल्या. त्या एकच हिरडा एकमेकींना देत होत्या. तू घे, मी घेते, तू घे, मी घेते. प्रत्येक वेळी फत्तेराव म्हणायचे, "झालं!" मोजणारा ससा घामाघूम झाला. एवढे व्यवहार कातळावर सात पिढ्यांत झाले नव्हते. हिरडा होता तिथेच होता, पण सभेने टाळ्या वाजवल्या.

हुमणरावांचा नंबर आला तेव्हा ते झोपेत होते. हेच त्यांचं सिद्ध करणं असावं, असं समजून सभेने मान डोलावली.

मग आलं विकेंद्रीकरण. गवेरावांनी तो शब्द तीन तुकड्यांत उच्चारला आणि फत्तेरावांना विचारलं, "तुमच्या मचाणावर तर तुम्ही एकटेच दिसता?"

"मी एकटाच आहे," फत्तेराव नम्रपणे म्हणाले. "पण माझ्यावर साक्षी मंडळ आहे. नऊ जणांचं. नऊ वेगळ्या टेकड्यांवर बसतं. एकाला दुसरा दिसत नाही. एक दुसऱ्याशी बोलत नाही. प्रत्येकाचा कौल स्वतंत्र. आताच विचारून दाखवतो."

त्यांनी मान वर केली आणि सूर लावला, "मचाणाचा क्रम बरोऽऽऽबर!"

पूर्वेच्या टेकडीवरून आवाज आला, कुईऽऽ. मग दक्षिणेकडून. मग डोंगराच्या मागून. मग सगळीकडून. नऊच्या नऊ टेकड्या दणाणून गेल्या.

मुलांनो, कोल्हे कसे असतात तुम्ही ऐकलंय ना? एकाने तोंड वर केलं की बाकीच्यांना राहवत नाही. त्यात मत वगैरे काही नसतं. घशाला खाज सुटते.

"नऊ!" गवेराव थरारून म्हणाले. "नऊ टेकड्या, नऊ कौल! याला म्हणतात विकें... ते!"

भागाबाईला राहवलं नाही. ती उठून ओरडली, "अहो, कोल्हे आहेत ते! एक ओरडला की सगळे ओरडतात!"

"भागाबाई, टेकड्या वेगळ्या आहेत की नाहीत?"

"आहेत, पण कोल्हे..."

"कोणाच्या जातीवर जायचं नाही," गवेराव करड्या आवाजात म्हणाले. सभेने 'लाज वाटली पाहिजे' अशा नजरेने भागाबाईकडे पाहिलं.

फत्तेरावांनी संधी साधली. त्यांनी ठरावच मांडला, की यापुढे नऊ टेकड्यांवरून एकदम येईल तो कौल अंतिम. त्यावर पौर्णिमा नाही, फेरविचार नाही, काही नाही. ठराव आवाजी मताने मंजूर झाला.

दिवस कलला. भागाबाई पिल्लांना जवळ घेऊन खाली मान घालून बसली होती. तिला रडू येत होतं आणि रागही येत होता. ओढ्यापलीकडच्या झुडपांत काहीतरी हललं. दोन तरस होते. पिल्लांनी तिच्या पोटाखाली डोकी खुपसली.

भागाबाईने रडू गिळलं. राग ठेवून घेतला. पिल्लांना पुढे घालून ती टेकाड चढू लागली. सभेला ती कातळावरून दिसत होती.

छबुराव बिळाच्या तोंडात शेपूट बाहेर काढून आडवा झाला होता. "काकू, पुन्हा? जागा माझी आहे. सरका बरं मागे!"

"सरकते ना," भागाबाई म्हणाली.

तिने पाठ फिरवली, काटे फुलवले आणि खाली कातळाकडे तोंड करून खणखणीत आवाजात हाळी दिली, "हे बीळ माझं आहे!" आणि ती मागे सरकली. चांगली दणकून सरकली.

छबुराव आंधळ्यासारखा बाहेर पडला, उतारावरून गडगडला आणि त्याने आभाळाकडे तोंड करून जो टाहो फोडला, तसा त्या जंगलात कोणी फोडला नव्हता. तो संपायच्या आत पूर्वेच्या टेकडीवरून आवाज आला, कुईऽऽ. मग दक्षिणेकडून. मग डोंगराच्या मागून. नऊच्या नऊ टेकड्यांवरून.

गवेरावांनी भक्तिभावाने मोजलं. "नऊ! भागाबाई म्हणाल्या 'हे बीळ माझं', आणि नऊ टेकड्यांनी एकमुखाने कौल दिला. मंजूर! अंतिम!"

फत्तेराव उडी मारून उभे राहिले. "थांबा, थांबा! तो कौल नव्हे! अहो, छबू ओरडला म्हणून ते..."

आणि ते एकदम थांबले.

"म्हणून ते काय, फत्तेराव?" गवेरावांनी विचारलं. "एक ओरडला म्हणून बाकीचे ओरडले, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

सगळं जंगल फत्तेरावांकडे बघत होतं. फत्तेराव आपल्या मचाणाकडे बघत होते. केवढ्या कष्टाने बांधलं होतं ते.

"छे, छे," ते कसनुसं हसत म्हणाले. "प्रत्येकाने स्वतंत्रपणे विचार केला."

तरस त्या संध्याकाळी टेकाडावर आले. एकाने नाक आत घातलं. नाकात काटा घेऊन तो परतला आणि दुसरा त्याच्या मागोमाग गेला. पिल्लं तोवर आत झोपली होती. भागाबाईही कितीतरी दिवसांनी पाय ताणून झोपली.

छबुरावाचं लग्न पुढे ढकललं, कारण त्याला बसता येत नव्हतं. फत्तेरावांच्या मचाणाचं काही वाकडं झालं नाही. उलट दुसऱ्या दिवसापासून तिथे जास्त गर्दी. 'गोरगरीब साळूलाही बीळ मिळवून देणारं मचाण' अशी त्यांनी दवंडी पिटवली. हुमणराव रात्री जागे झाले आणि आपल्या मचाणावर हे घडलं नसतं, असं त्यांनी सिद्ध केलं. सगळ्यांनी मान डोलावली.

मात्र मचाणाची शिडी चढण्याआधी जो तो टेकाडाच्या वाटेने जाऊ लागला. ससा गेला, मोर गेला, गिरजाक्कासुद्धा गेली. बिळापाशी थांबायचं, इकडेतिकडे बघायचं आणि हळूच विचारायचं, "भागाबाई, एखादा जास्तीचा काटा आहे का हो?"

तात्पर्य: एका कोल्ह्यावर कधीही विश्वास ठेवू नये. नऊ टेकड्यांवर नऊ कोल्हे असतील, तर खुशाल ठेवावा. फक्त आधी कोणी ओरडायचं आणि कधी, एवढं आपल्या काट्याने ठरवावं.